चूक सांगणाऱ्या बाईलाच काढायचं का?

पाळणाघरातून मावशींना कमी केल्याच्या पत्रावर सही माझी आहे. हे आधीच सांगते. पुढं मी मालकांबद्दल, कायद्याबद्दल आणि आपल्या चळवळीबद्दलही बोलणार आहे, तेव्हा मी बाहेर उभी राहून बोट दाखवते आहे असं कुणा मैत्रिणीला वाटू नये.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, वय छत्तीस, गेली बारा वर्षं संस्थांमध्ये काम करते. त्यातली तीन वर्षं एका औद्योगिक वसाहतीतल्या तयार कपड्यांच्या कारखान्याच्या पाळणाघराची देखरेख माझ्याकडं होती. जागा आणि पैसे कारखान्याचे. बाया नेमणं, पगार करणं, नोंदी ठेवणं आमच्या संस्थेचं. कारखान्याचं आणि संस्थेचं नाव मी मुद्दामच देत नाही. नाव दिलं की आपण सगळ्याजणी त्या एका ठिकाणाला दोष देऊन मोकळ्या होऊ. जे तिथं झालं ते कुठल्याही पाळणाघरात होऊ शकतं. आपण चालवतो त्यातसुद्धा.

त्या दिवशी पाळणाघरात तेवीस मुलं होती. त्यातली नऊ वर्षाच्या आतली. कामाला बाया दोन, पण मदतनीस ताईचा मुलगा तापानं फणफणला होता, म्हणून ती आली नव्हती. बदली बाई आणली तर तिची हजेरी कुठून द्यायची, या प्रश्नावर आदल्या संध्याकाळी मी मावशींना फोनवर म्हणाले होते, 'एक दिवस सांभाळून घ्या.' त्यांनी सांभाळून घ्यायचं कबूल केलं. आपल्या बायका कधी नाही म्हणतात?

साडेअकरा ही दूध पाजायची वेळ. फ्रीजमध्ये नऊ बाटल्या. वसाहतीबाहेर दर मंगळवारी बाजार भरतो, तिथं एकाच गाड्यावर गुलाबी झाकणाची स्वस्त बाटली मिळते. नवातल्या पाच बाटल्या तसल्याच होत्या. सुरुवातीला मी नावाच्या कागदी चिठ्ठ्या चिकटवायला दिल्या होत्या. फ्रीजच्या ओलीनं त्या गळून पडत. मग हळूहळू कुणी लावेना, आणि मीही विचारेना. मावशींना सगळं पाठ होतं: दारातली पहिली कुणाची, वरच्या कप्प्यात डावीकडची कुणाची. त्या सकाळी हजेरीच्या घाईत एका आईनं आपली बाटली ठेवताना दुसरी दोन बाटल्यांपलीकडं सरकवली. एवढंच झालं.

तिथं पाच महिन्यांची एक मुलगी होती. तिला वरच्या दुधाची ॲलर्जी. तिसऱ्या महिन्यात एकदा गाईचं दूध दिलं तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या, आणि डॉक्टरांनी फक्त आईचंच दूध सांगितलं होतं. आई शिलाईच्या लाइनवर कामाला. दूध पिळून बाटलीत भरून ठेवून जायची. दुसरा सात महिन्यांचा मुलगा, पावडरच्या दुधावर. मुलीला त्याची बाटली दिली गेली आणि तिनं ती जवळजवळ संपवली. मग मावशींनी मुलाला मांडीवर घेतलं. अर्धी बाटली गेल्यावर त्यांचं लक्ष बाटलीच्या कडेकडं गेलं. आईचं दूध थंड ठेवलं की साय वर येते, कडेला पिवळसर वळ दिसतो आणि खालचं दूध पातळ, निळसर. पावडरच्या दुधाचं तसं होत नाही. मावशींनी बाटली बाजूला केली. काय झालंय ते त्यांना त्याच क्षणी समजलं.

मला फोन आला तो असा: 'मॅडम, माझ्या हातून चूक झाली. पोरीला पावडरचं दूध गेलंय. तिला त्याची बाधा आहे. गाडी पाठवा.' फोन करायच्या आधीच त्यांनी मुलीच्या आईला लाइनवरून बोलावून घेतलं होतं आणि बाकीच्या मुलांपाशी वॉचमनला बसवलं होतं. मी पोचले तोवर मुलीचे ओठ सुजायला लागले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: काय दिलं, किती दिलं, कधी दिलं? मावशींनी तिन्हीची उत्तरं दिली. पावडरचं दूध, शंभर मिलिलिटरच्या आसपास, अकरा चाळीसला. डॉक्टर नंतर मला म्हणाले, हे इतकं नेमकं कळलं म्हणून लगेच उपचार सुरू करता आले. मुलगी दुसऱ्या दिवशी घरी गेली.

तिसऱ्या दिवशी मी मावशींना काढलं.

बैठकीत काय विचारलं गेलं

कारखान्याच्या ऑफिसात बैठक झाली. कारखान्याचे साहेब, आमच्या संस्थेचे सचिव आणि मी. मावशी बाहेर बाकावर. तेवीस मुलांमागं त्या दिवशी किती बाया होत्या, हे कुणी विचारलं नाही. बदली बाई का नव्हती, हेही नाही. मुलीची आई चार मजले उतरून तिला पाजायला का येऊ शकत नव्हती, हा तर कुणाच्या मनातही आलेला प्रश्न नव्हता. 'जबाबदार कोण?' एवढं एकच विचारलं गेलं. त्यांना एक नाव हवं होतं, आणि मी ते दिलं. माझीही नोकरी होती, पाळणाघराचा करार मार्चमध्ये नव्यानं व्हायचा होता, तो गेला तर तेवीस मुलं कुठं जातील, असं मी स्वतःला समजावलं. पत्रात 'कामातील निष्काळजीपणामुळे' असे शब्द मीच घातले.

दुसरा प्रश्न रक्ताचा निघाला. मुलाच्या घरचे घाबरले होते. ज्या बाईचं दूध आपल्या बाळाच्या पोटात गेलं तिला काही आजार तर नाही ना? हा प्रश्न रास्त आहे. कुठल्याही आईला तो पडेल आणि तिला उत्तर मिळायलाच हवं. पण ते उत्तर डॉक्टरांनी द्यायचं. साहेबांनी मात्र तिथल्या तिथं फर्मान काढलं की त्या बाईचं रक्त तपासून रिपोर्ट ऑफिसात जमा करावा. ती बाई तेव्हा दवाखान्यात मुलीच्या खाटेला टेकून बसली होती. निरोप सांगायला मीच गेले. ती म्हणाली, 'मॅडम, माझी पोर सलाइनवर हाय आन् तुमी माझंच रगत मागताय?'

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायद्यानं, माहितीपूर्ण संमतीशिवाय कुणाचीही ही चाचणी करता येत नाही. नोकरी टिकवण्यासाठीची अट म्हणूनही ती लादता येत नाही. निकाल गुप्त ठेवायचा असतो. तो कारखान्याच्या फाइलीत लावायचा कागद नव्हे. साहेबांना हे माहीत नव्हतं असं धरू. मला माहीत असायला हवं होतं. शेवटी त्या बाईनं आपणहून गरोदरपणातल्या तपासण्यांचे कागद डॉक्टरांना दाखवले, आणि तिच्या परवानगीनं डॉक्टरांनी मुलाच्या आईला सांगितलं की काळजीचं कारण नाही. एकदाच चुकून पाजल्या गेलेल्या दुधातून एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता एरवीही फार कमी मानली जाते. दोन आया आणि एक डॉक्टर, एवढ्यातच मिटण्यासारखी गोष्ट होती ती.

तिसरा प्रश्न बैठकीत आला नाही. तो मुलाच्या आजीनं मला जिन्यात गाठून, आवाज उतरवून विचारला. 'ती बाई कुणातली?'

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विहिरीवर, पंक्तीत, चहाच्या कपाशी हाच प्रश्न उभा असतो. तो आता दुधाच्या बाटलीपर्यंत आला. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचं नाव आपण अभिमानानं घेतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. तिथं एका बाईचं दूध दुसरीच्या अशक्त, दिवस न भरलेल्या बाळाला दिलं जातं आणि त्यावर ती बाळं जगतात. दूध देणारीची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक केलं जातं, प्रत्येक बाटलीची नोंद असते. म्हणजे परक्या बाईचं दूध हे काही विष नाही. पेढीत आणि आमच्या पाळणाघरात फरक होता तो तपासणीचा आणि नोंदीचा.

पण म्हणून 'दूध ते दूध, कशाला सांगत बसायचं' असं म्हणणंही मला मान्य नाही. सांगायलाच हवं. आजाराच्या शंकेसाठी सांगायला हवं, ॲलर्जीसाठी हवं. मुस्लीम कुटुंबांत दुधाचं नातं लग्नसंबंधाच्या आड येतं असं मानतात. किती पाजल्यानं ते नातं जुळतं याबद्दल त्यांच्यात वेगवेगळी मतं आहेत, पण ते ठरवायचा हक्क त्या कुटुंबाचा आहे, पाळणाघराचा नाही. माहिती लपवून आपण जात मोडत नाही, फक्त आईचा विश्वास मोडतो. आजीला मी एवढंच म्हणाले, 'तुमच्या नातवाच्या आईसारखीच, लाइनवर काम करणारी.' ती गप्प झाली. पटलं की नाही, सांगता येत नाही.

मावशी गेल्यावर

मावशींच्या जागी बावीस वर्षांची एक मुलगी घेतली. चांगली, कामसू, बारावी झालेली. मी नवा नियम केला, नवं रजिस्टर आणलं, त्यात 'दूध पाजताना झालेल्या चुका' असा रकाना आखला. चार महिने तो रकाना कोरा राहिला. साहेबांना मी मोठ्या समाधानानं तो दाखवला.

पाचव्या महिन्यात एक आई माझ्याकडं आली. म्हणाली, मी सकाळी भरून ठेवलेली बाटली संध्याकाळी होती तशीच आहे आणि बाळ म्हणे पोटभर प्यालंय. मग ते काय प्यालं? मी त्या मुलीला बाजूला बसवून विचारलं. बराच वेळ ती बोलेना. मग रडायला लागली. अदलाबदल झाली होती. त्याआधीही एकदा झाली होती. 'मग सांगितलं का नाहीस?' असं मी विचारलं. ती म्हणाली, 'मॅडम, मावशींनी सांगितलं होतं ना.'

मला या सगळ्या लेखात म्हणायचं आहे ते तिच्या या एका वाक्यात आहे. मावशींना काढून आम्ही चुका थांबवल्या नाहीत, चुका सांगणं थांबवलं. पाच महिन्यांच्या त्या मुलीवर वेळेत उपचार झाले, कारण एका बाईनं आपली चूक दहा मिनिटांत, नेमक्या शब्दांत सांगितली. ती चूक लपवली असती, 'बाळ उलटी करतंय, काय झालंय कळत नाही' एवढंच म्हटलं असतं, तर डॉक्टर अंधारात चाचपडले असते. मावशींनी जे केलं ते बक्षीस देण्यासारखं होतं. आम्ही त्याची शिक्षा दिली, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक बाईला न बोलता शिकवलं की शहाणी असशील तर गप्प बस. मग पुढच्या वेळी तेच मूल, तीच ॲलर्जी आणि गप्प बसलेली बाई असली, तर त्या मुलाचं काय होईल?

बाटली मुळात आली कुठून?

आता जरा मागं जाऊ. पाच महिन्यांच्या मुलीची आई त्याच आवारात, चौथ्या मजल्यावर होती. मग दूध बाटलीत का होतं?

कायदा काय सांगतो ते पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ३० हून अधिक बाया कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. मग बायांचा आकडा २९ वर रोखायची युक्ती निघाली, हे कामगार संघटनांतल्या मैत्रिणींना मी सांगायला नको. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ५० किंवा अधिक कामगार, मग ते बाई असोत की पुरुष, असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडं जायची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती चार भेटींची तरतूद आहे.

चार वेळा! आमच्या कारखान्यात दर तासाला किती नग झाले ते फळ्यावर लिहितात. एक बाई उठली की लाइन अडते, मागच्या-पुढच्या बायांचाही नग कमी भरतो, आणि सुपरवायझर काय बोलतो ते इथं छापता येणार नाही. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत तग धरणाऱ्या बाया दुपारच्या सुट्टीत धावत खाली येत. बाकी वेळी दूध संडासात उभ्याने पिळून काढत. हो, संडासात, दुसरी आडोशाची जागाच नाही. तिथं पिळलेलं ते दूध, बाजारातली ती गुलाबी झाकणाची बाटली, तेवीस मुलांमागं ती एक बाई. अदलाबदल होण्याची सगळी तयारी मालकानं आधीच करून ठेवलेली होती. मावशींचा हात फक्त शेवटी लागला.

आणि सरकार तरी काय वेगळं करतं? २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागं एक सेविका आणि एक मदतनीस असा हिशेब होता. मानधन सेविकेला महिना ३,००० रुपये, मदतनिसाला १,५००. ही योजना २०२२ पासून 'पाळणा' या नावानं चालते. २५ मुलांत आठ-दहा तान्ही असली तर वाटी-चमच्यानं एकेकाला पाजायला वीस-वीस मिनिटं लागतात, करा हिशेब. वाटी-चमचा बाटलीपेक्षा चांगला, स्वच्छ करायला सोपा, हे आम्हीच प्रशिक्षणात शिकवतो. दोन बायांना ते जमणार कसं, ते शिकवत नाही.

आपल्याकडं हिरकणीची गोष्ट घरोघर सांगतात. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली. राज्यातल्या एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष झाले, चांगलंच झालं. पण ही गोष्ट सांगताना कौतुक कड्याचं आणि आईच्या काळजाचं होतं. दरवाजा का उघडला नाही, हे विचारलं जात नाही. कारखान्यातली बाई रोज त्या बंद दरवाजाशी उभी आहे. तिच्याकडून कडा उतरण्याची अपेक्षा आपण किती दिवस करणार?

आपल्याही दोन गोष्टी

हे सगळं मी आपल्या काही मैत्रिणींपुढं मांडलं तेव्हा दोन प्रकारची उत्तरं मिळाली. दोन्ही मला खटकली.

काहीजणी म्हणाल्या, 'प्रश्न व्यवस्थेचा आहे, तू चिठ्ठ्या आणि बाटल्यांचं काय घेऊन बसलीस?' व्यवस्थेचा आहेच. पण व्यवस्था बदलेपर्यंत उद्या सकाळी साडेअकरा वाजता नऊ बाळांना दूध पाजायचंच आहे. माझ्या पाळणाघरात चिठ्ठ्या गळत होत्या हे मला दिसत होतं आणि ते दुरुस्त करायला मला कुणा मालकाची परवानगी लागत नव्हती. दहा रुपयांच्या चिकटपट्टीनं टळणारा धोका मी टाळला नाही. याचं खापर भांडवलशाहीवर फोडून मी मोकळी होऊ शकत नाही. मोठ्या लढ्याचं नाव घेऊन लहान काम टाळणं ही आपल्यातली जुनी खोड आहे.

दुसऱ्या म्हणाल्या, 'मुळात बाटलीच कशाला? आईनं अंगावर पाजलं की प्रश्नच मिटला.' १९९२ चा कायदा होऊन पावडरच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आली, त्यासाठी लढलेल्या साऱ्यांबद्दल मला आदर आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे डॉक्टरही सांगतात. पण चार भेटी न देणाऱ्या मालकाशी न भांडता फक्त आईला उपदेश करायचा, हा कुठला न्याय? त्या सात महिन्यांच्या मुलाच्या आईचं दूध आटलं होतं, कारण दिवसाचे दहा-दहा तास तिला बाळाजवळ येता येत नव्हतं. पावडरचं दूध ही तिची हौस नव्हती. तिला अपराधी वाटायला लावून आपण मालकाचंच काम हलकं करतो.

मग करायचं काय?

आधी उद्या सकाळी करायच्या गोष्टी. प्रत्येक बाटलीवर किंवा डब्यावर न पुसणाऱ्या शाईनं, पाण्यानं न सुटणाऱ्या चिकटपट्टीवर बाळाचं नाव, आईचं नाव, दूध कोणतं, आणि ते कधी काढलं किंवा कालवलं ती तारीख आणि वेळ. आडनाव नको, आडनावावरून काय वाचलं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापाठोपाठ आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतलाच आहे, तो बाटलीवरही लागू करू. एका नावाची दोन बाळं असतात, आणि सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, म्हणून प्रत्येक बाळाला एक खूण द्यावी: मासा, पतंग, छत्री. तीच खूण बाटलीवर, पाळण्यावर आणि फ्रीजमधल्या त्याच्या खणावर. बाटली आईनं स्वतःच्या हातानं त्या खणात ठेवावी.

पाजण्याआधी सेविकेनं चिठ्ठी मोठ्यानं वाचावी आणि दुसरीनं बाळाकडं बघून हो म्हणावं. एका वेळी एकच बाटली बाहेर काढावी. बाळाला मांडीवर घेऊनच पाजावं. उशीला टेकवून बाटली तोंडात देऊ नये. ज्याला ॲलर्जी आहे त्याची बाटली वेगळ्या रंगाची, वेगळ्या डब्यात, आणि त्याच्या पाळण्यावर लाल खूण. आईचं पिळलेलं दूध साध्या हवेत चार तासांपर्यंत आणि फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत राहतं. आपल्या उन्हाळ्यात बाहेरची मुदत कमीच धरावी. ते गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करावं, चुलीवर उकळू नये. उष्टं राहिलेलं दोन तासांनंतर टाकून द्यावं, दुसऱ्या बाळाला तर कधीच देऊ नये. बाया कमी असतील त्या दिवशी तान्ह्यांच्या आयांना पाजायला खाली बोलावण्याचा हक्क सेविकेला लेखी द्यावा, आणि तो सुपरवायझरला मोडता येऊ नये.

तरीही चूक होईल. माणसांच्या हातून होतेच. तेव्हा पाजणं लगेच थांबवायचं, काय आणि किती गेलं ते लिहायचं, दोन्ही आयांना त्याच वेळी सांगायचं, डॉक्टरांना विचारायचं. बाळाला ॲलर्जी असेल, ओठ सुजले, अंगावर गांधी आल्या, श्वास लागला, तर वाट न बघता दवाखाना. आजाराच्या शंकेचं उत्तर डॉक्टर आणि आया यांच्यातच राहावं. तपासणी संमतीनंच, कागद ज्याचा त्याच्याकडं.

आणि पाळणाघराच्या प्रत्येक करारात एक कलम असायलाच हवं: स्वतःहून चूक सांगणाऱ्या सेविकेला त्या चुकीसाठी कामावरून काढलं जाणार नाही, चूक का झाली याची चौकशी होईल आणि तिची सुरुवात त्या दिवशी किती मुलांमागं किती बाया होत्या इथपासून होईल. जाणूनबुजून केलेली हयगय वेगळी, लपवाछपवी वेगळी. त्याला शिक्षा जरूर असावी. पण सांगणं सुरक्षित असलं पाहिजे. कारखान्यात पाळणाघर मिळवण्यासाठी आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो. पाळणाघर मिळालं की आपला त्याच्याशी संबंध संपतो. आत बसलेली ती बाईही कामगार आहे, हे आपल्या मागणीपत्रात कुठं असतं?

गेल्या महिन्यात मी मावशींच्या घरी जाऊन आले. त्या आता पाच घरची धुणीभांडी करतात. एका दुसऱ्या पाळणाघरात जागा होती, पण तिथं आधीच्या कामाचा दाखला मागितला आणि दाखला म्हणून त्यांच्याकडं माझं ते पत्र. मी माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. चहा दिला. निघताना म्हणाल्या, 'मॅडम, बाटलीला रंगीत दोरा बांधत जा. चिठ्ठी गळते, दोरा गळत नाही.' मला, तीन वर्षं देखरेख करणारीला, हे कधी सुचलं नव्हतं. आणि मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं.

संस्थेला मी लेखी अर्ज दिला आहे की ते पत्र मागं घ्यावं आणि मावशींना त्यांच्या तीन वर्षांच्या कामाचा दाखला द्यावा. अजून उत्तर नाही. ते येईल तेव्हा येवो. त्या पत्रातला 'निष्काळजीपणा' हा शब्द माझा होता, तो मी इथं सगळ्यांसमक्ष मागं घेते. आपल्या गटांपैकी जे पाळणाघरं चालवतात त्यांनी आपल्या रजिस्टरमधला चुकांचा रकाना उघडून पाहावा. तो कोरा असेल तर समाधान मानू नये. आपल्या मावशींशी, ताईंशी बसून बोलावं, आणि त्या काय सांगतात ते या अंकाला लिहून कळवावं.